पोटदुखीचे ब्याऐंशी तास

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातली वीस वर्षं’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. संगणकाबद्दल तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले आहोत. आईवडील सत्तरीच्या आसपास, मुलं दहावी-बारावीला, आणि मधे आपण. घरात कोणाचंही काही दुखलं की पहिला फोन आपल्यालाच येतो. म्हणून आज मी पोटदुखीबद्दल बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर अपेंडिक्सबद्दल, आणि ते वेळेवर न ओळखल्यामुळे काय होतं त्याबद्दल. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. जे सांगणार आहे ते घरात घडलेलं आहे, आणि नंतर वाचून, डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं आहे.

आपल्या लहानपणी अपेंडिक्सबद्दल आपल्याला एकच गोष्ट ठाऊक होती. शाळेबाहेर मीठ-तिखट लावून पेरू मिळायचे आणि घरून दम असायचा, की बिया गिळल्यास तर अपेंडिक्स होईल. त्या दमात फारसं तथ्य नाही. अपेंडिक्सच्या तोंडाशी बी अडकल्याची उदाहरणं क्वचित सापडतात, पण पेरू खाल्ल्याने हा आजार होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. तेव्हा पेरू बिनधास्त खा.

मग होतं काय? लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, करंगळीएवढी एक पोकळ शेपटी लोंबत असते. मराठी पुस्तकात तिला आंत्रपुच्छ म्हणतात. तिला एकच तोंड असतं. मळाचा कडक खडा किंवा आतली सुजलेली पेशींची गाठ त्या तोंडाशी अडकली, की आतला स्राव बाहेर पडायचा थांबतो. आत दाब वाढतो. जंतू वाढतात. दाब इतका वाढतो की भिंतीला होणारा रक्तपुरवठा अडतो, भिंत सडायला लागते आणि शेवटी फुटते. आतला पू आणि घाण पोटात पसरते. आपल्यातले जे तळोज्याच्या एमआयडीसीत काम करतात त्यांना हे समजायला डॉक्टर लागणार नाही. बाहेर जायची लाइन चोक झालेलं, सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेलं भांडं आहे ते.

दुखणं सुरू झाल्यापासून फुटेपर्यंत ठरलेला असा वेळ नसतो. पण पहिल्या चोवीस ते छत्तीस तासांत धोका कमी असतो, आणि त्यानंतर तो वाढत जातो. म्हणून या आजारात औषधाइतकंच घड्याळही महत्त्वाचं आहे.

आता घरातली गोष्ट. 2018 चा पावसाळा. माझे बाबा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. तीसेक वर्षं एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर होते, आता निवृत्त. बारा वर्षांचा मधुमेह. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने हैदराबादला होते. घरी आई आणि धाकटा भाऊ.

आमच्या कामात एक पद्धत आहे. मोठी सिस्टिम बंद पडली, लोकांचे व्यवहार अडले, की ती सुरू केल्यानंतर एक अहवाल लिहायचा असतो. त्याचा पहिला नियम असा, की अहवालात कोणाला दोष द्यायचा नाही. किती वाजता काय दिसलं, कोणी काय समजलं, काय केलं, एवढंच ओळीने लिहायचं. दोष द्यायला लागलं की माणसं लपवायला लागतात आणि खरं कारण कधीच कळत नाही. बाबा घरी आल्यावर मी आई आणि भावाजवळ बसून तसाच अहवाल लिहिला. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं त्यात नाहीत, आजही घेणार नाही.

शुक्रवार, रात्री नऊ. बाबांनी जेवायला नको म्हटलं. बेंबीभोवती दुखत होतं. आईने ओवा-मीठ दिलं, हिंग कालवून बेंबीला लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या वायगोळा आहे, आणखी कोणी म्हणालं बेंबी सरकली, चोळून घ्या. नशिबाने चोळलं नाही. सकाळी अकरापर्यंत असेच चौदा तास गेले.

शनिवार, सकाळी अकरा. जवळच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती. बाबांना खुर्चीतच बसवून विचारपूस झाली, टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं गेलं नाही. ॲसिडिटी ठरली. एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या. रात्री एकदा उलटी झाली. रविवारी सकाळी बाबा आईला म्हणाले, “आता ते खाली उजवीकडे गेलंय.” हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. पण ते कोणा डॉक्टरच्या कानावर गेलं नाही, कारण गोळ्या तीन दिवसांच्या होत्या आणि एकच दिवस झाला होता. रविवारी संध्याकाळपर्यंत आणखी एकतीस तास गेले.

रविवार, संध्याकाळी सहा. दुखणं वाढल्यावर भावाने दुसरीकडे नेलं. रविवार असल्यामुळे सोनोग्राफी करणारे डॉक्टर नव्हते. लघवी तपासली, त्यात थोड्या पू-पेशी दिसल्या. लघवीचं इन्फेक्शन असं निदान झालं. सलाईन लावलं, वेदनाशामक इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या आणि सोमवारी सोनोग्राफीला यायला सांगितलं. सोमवारी सकाळपर्यंत तेरा तास.

सोमवार, सकाळी सात. बाबा उठले आणि म्हणाले, “आता बरंच कमी आहे.” घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आईने पेज दिली. पाऊस जोरात होता, म्हणून सोनोग्राफी दुसऱ्या दिवसावर गेली. संध्याकाळी पोट फुगलं. रात्री हुडहुडी भरली. मध्यरात्रीनंतर बाबा असंबद्ध बोलायला लागले. सोमवार सकाळपासून मंगळवारी पहाटे तीनपर्यंत वीस तास.

मंगळवार, पहाटे तीन. मोठ्या रुग्णालयात. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक होतं. रक्त, सीटी स्कॅन, सर्जनना फोन. सात वाजता बाबा ऑपरेशनच्या टेबलावर होते. चार तास.

चौदा, एकतीस, तेरा, वीस आणि चार. बेरीज ब्याऐंशी. त्यातले नेमक्या उपचाराकडे गेलेले तास फक्त शेवटचे चार. अपेंडिक्स मुळाशी सडून फुटलं होतं, पोटभर पू होता. पोट मोठं उघडून धुवावं लागलं. सहा दिवस आयसीयू, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. जखमेत पू झाला. तेवीस दिवसांनी घरी आणलं. वर्षभराने त्याच टाक्यांच्या जागी हर्निया झाला, जाळी बसवायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. वेळेत झालं असतं तर दुर्बिणीतून तीन छोट्या छिद्रांवर आणि दोन-तीन दिवसांत भागलं असतं. बाबा आज घरी आहेत, चालतात-फिरतात, पण ते पूर्वीचे बाबा नाहीत.

हा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. एकही माणूस त्यात वाईट नाही. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाने समोर दिसलं त्याला पटेल असंच केलं. तरीही शेवट असा झाला. म्हणून हा आजार फसवतो कुठे, ते आपण नीट पाहू.

पहिली फसवणूक जागेची. आपल्याला वाटतं अपेंडिक्स म्हणजे उजवीकडे खाली दुखणं. पण सुरुवात बऱ्याचदा बेंबीभोवती किंवा वर होते. आतड्याच्या नसा मेंदूला नेमका पत्ता सांगत नाहीत, ‘मधे कुठेतरी’ एवढंच कळवतात. सूज बाहेरच्या आवरणाला टेकली, की मग दुखणं उजवीकडे खाली स्थिरावतं. म्हणजे दुखण्याने जागा बदलली, हीच मोठी खूण आहे. त्याबरोबर भूक जाते, मळमळ किंवा उलटी होते, थोडा ताप येतो. साधारणपणे दुखणं आधी आणि उलटी नंतर. उलटी-जुलाबांनी सुरुवात होऊन मग पोट दुखलं तर कारण बहुधा वेगळं असतं.

दुसरी फसवणूक शेपटीच्या दिशेची. ती सगळ्यांची सारखी लोंबत नाही. बऱ्याच जणांत ती मोठ्या आतड्याच्या मागे दडलेली असते, मग दुखणं कमरेकडे, बाजूला जाणवतं आणि मुतखडा वाटतो. ओटीपोटात उतरलेली असेल तर जुलाब होतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि लघवीच्या तपासणीत थोड्या पू-पेशीही दिसतात, कारण सुजलेलं अपेंडिक्स मूत्रमार्गाला चिकटून असतं. बाबांच्या बाबतीत हेच झालं. बायकांच्या बाबतीत तर पाळीचं दुखणं, बीजकोशाची गाठ, गर्भनलिकेतलं गर्भारपण, सगळं त्याच शेजारात. मैत्रिणींनो, ‘बायकांचं काहीतरी असेल’ म्हणून आपणच आपलं दुखणं दोन दिवस झाकून ठेवतो. गरोदर बाईत गर्भाशय वाढेल तशी दुखण्याची जागा वर सरकू शकते, हेही लक्षात असू द्या.

तिसरी फसवणूक वयाची. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला नीट सांगता येत नाही, ते नुसतं किरकिर करतं, आणि लहानांमध्ये अपेंडिक्स फुटलेलं सापडण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हाताऱ्या माणसात, विशेषतः मधुमेह असेल तर, ताप फारसा येत नाही, दुखणंही बेताचंच असतं. आतलं संकट मोठं आणि बाहेरची तक्रार लहान. त्यात आपले वडील पिढीजात सोशिक. ‘थोडं दुखतंय’ असं ते म्हणतात तेव्हा त्या थोड्याला आपण दोनाने गुणायला हवं.

चौथी फसवणूक सगळ्यात वाईट. फुटल्यावर आतला दाब एकदम कमी होतो, आणि काही तास माणसाला बरं वाटतं. आमचा सोमवार सकाळचा सुटकेचा श्वास तो हाच. बाबांनी शुद्धीवर आल्यावर हे ऐकलं आणि म्हणाले, “अगं, चालू प्लांटमध्ये प्रेशर गेजचा काटा एकदम खाली आला तर आम्ही चहा प्यायला जायचो का? लीक कुठे आहे ते शोधायचो.” आमच्याकडेही हेच आहे. सर्व्हरकडून येणाऱ्या धोक्याच्या सूचना बंद झाल्या, की त्याचे दोन अर्थ होतात. एक, बिघाड दुरुस्त झाला. दोन, सूचना पाठवणाराच बंद पडला. दुरुस्ती कोणी केली हे सांगता येत नसेल, तर दुसरा अर्थ धरायचा. पोटाचंही तेच. दोन दिवस वाढत गेलेलं दुखणं काही उपचार न होता अचानक थांबलं, तर तपासणी रद्द करायची नाही. ती त्याच दिवशी करायची.

कधी शरीर स्वतःच आग आवरायचा प्रयत्न करतं. पोटात चरबीचा एक पडदा असतो, डॉक्टर त्याला पोटातला पोलीस म्हणतात. तो आणि आजूबाजूची आतडी मिळून सुजलेल्या जागेला वेढा घालतात. तीन-चार दिवसांनी हाताला गोळा लागतो. अशा वेळी घाईने ऑपरेशन केलं तर आतड्याला इजा होऊ शकते, म्हणून अनेकदा शिरेतून अँटिबायोटिक देतात, पू साठला असेल तर सोनोग्राफीत पाहून नळी घालून काढतात, आणि अपेंडिक्स काढायचं की नाही ते सहा-आठ आठवड्यांनी ठरवतात. ‘ऑपरेशन का करत नाहीत’ म्हणून अशा वेळी डॉक्टरांशी भांडू नका. उशीर झालेला असला की उपचाराचा मार्गच बदलतो.

या आजाराने भल्याभल्यांना सोडलेलं नाही. 1902 साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक 26 जूनला ठरला होता. त्याआधी त्याच्या पोटात दुखायला लागलं. जगभरातून पाहुणे आलेले, राजा म्हणे मी समारंभाला जाणारच. शेवटी दोन दिवस आधी, 24 जूनला, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने ऑपरेशन करून पू काढला. राज्याभिषेक 9 ऑगस्टला झाला. या ट्रीव्ह्जची स्वतःची मुलगी दोनच वर्षांपूर्वी, 1900 साली, अपेंडिक्स फुटून गेली होती. या आजारातला त्या काळचा जाणकार सर्जन, आणि त्याच्याच घरात हे घडलं. तेव्हा घरात कोणी डॉक्टर आहे म्हणून आपण सुरक्षित, असंही समजू नये. हात चलाखीचा जादूगार हुदिनी ताप अंगावर घेऊन प्रयोग करत राहिला आणि 1926 मध्ये अपेंडिक्स फुटून गेला.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आपल्या जवळच्याच एका घटनेने. ती पुण्याची आहे. 1922 च्या मार्चमध्ये महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. 1924 च्या जानेवारीत त्यांना पोटदुखी आणि ताप सुरू झाला. 12 जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने अपेंडिक्सचं निदान केलं.

मॅडॉकच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर सरकारचा कैदी, आणि तोही देशातला सगळ्यात मोठा माणूस. इंग्रज सर्जनच्या हातून काही कमीजास्त झालं असतं तर देश पेटला असता. गांधीजींच्या विश्वासातले डॉक्टर दलाल आणि डॉक्टर जीवराज मेहता यांना बोलवायचं ठरलं, पण ते वेळेत पोचू शकत नव्हते. ‘सकाळपर्यंत थांबू, ते आले की पाहू’ असं म्हणण्यात मॅडॉकची सगळी सोय होती. कोणी नावं ठेवली नसती. पण नाडी आणि ताप पाहून त्याने त्याच रात्री ऑपरेशन करायचं ठरवलं.

दुसऱ्या बाजूला गांधीजी. 1909 च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी डॉक्टरी पेशावर कडक टीका केलेली. निसर्गोपचारावर श्रद्धा. तरीही त्यांनी संमती दिली. पुण्यातले नामदार श्रीनिवास शास्त्री आणि डॉक्टर फाटक तिथे बोलावलेले होते. संमतीचं निवेदन लिहिलं गेलं. माझे डॉक्टर येऊ शकत नाहीत, उशीर केला तर गुंतागुंत होण्याचा धोका आहे, म्हणून शस्त्रक्रिया आत्ताच करावी, असा त्याचा आशय. गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली.

ऑपरेशन सुरू असताना वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात झालं. गांधीजी वाचले. जखमेच्या ठिकाणी गळू झालं, बरं व्हायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. तेव्हा पेनिसिलिनचा शोधसुद्धा लागायचा होता, तो 1928 चा. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली आणि पुढे ते विश्रांतीसाठी जुहूला राहिले.

शंभर वर्षांपूर्वी सीटी स्कॅन नव्हता, सोनोग्राफी नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं, वीजसुद्धा धड नव्हती. होता तो पोटावर ठेवलेला हात, ताप-नाडीची नोंद, आणि ‘आत्ताच’ असा निर्णय. आज आपल्याजवळ बाकी सगळं आहे. आपल्या शाळेच्या दिवसांत बरा डॉक्टर हवा तर तळोजा पाचनंदहून गाडी पकडून पनवेल गाठावं लागायचं. आता पेंधरपर्यंत मेट्रो आली, पनवेलची महानगरपालिका झाली, खारघर-कामोठ्यात मोठी रुग्णालयं उभी राहिली. आमच्या घरापासून सीटी स्कॅनचं मशीन अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. तरी तिथे पोचायला अठ्ठ्याहत्तर तास लागले. अंतर रस्त्याचं नव्हतं.

मग ते कशाचं होतं? बरंचसं हजेरीचं आणि पैशाचं असतं. आपल्यातले किती तरी जण कंत्राटावर आहेत. शिफ्ट बुडाली तर खाडा. म्हणून माणूस गोळी घेऊन कामावर जातो. अशा मित्रांना एक सांगायचं आहे. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कंत्राटी कामगारालाही ईएसआयसी लागू होते. उपचार तर आहेतच, शिवाय आवश्यक तेवढे दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत मिळते. आपलं कार्ड आहे का, कंत्राटदार वर्गणी भरतो का, हे आज निरोगी असताना तपासा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. त्या योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, आपलं प्रकरण योजनेत बसतं का ते त्याला विचारा. रात्री-अपरात्री 108 ला फोन करा. आणि पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, हेही विसरू नका.

आता घरी काय करायचं, तेवढं सांगते.

एक. वेळ लिहून ठेवा. दुखणं किती वाजता, कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, उलटी केव्हा, ताप किती, शेवटचं काय खाल्लं, कोणती गोळी घेतली. मोबाइलवर लिहा. दवाखाना बदलला तरी कागद सोबत न्या. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली गेली, आणि ‘खाली उजवीकडे गेलंय’ हे वाक्य मधेच गळलं.

दोन. पोट दुखत असताना एरंडेल किंवा कसलंही जुलाबाचं औषध, एनिमा, जोरात चोळणं, हे करू नका. दुखणं सहा तासांत थांबलं नाही, उलट वाढलं, तर खाणंपिणं बंद करून डॉक्टरकडे जा. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. वेदनाशामकाबद्दल पूर्वी म्हणत, तपासणीआधी देऊ नये, लक्षणं झाकली जातात. डॉक्टरांच्या देखरेखीत दिलं तर निदानाला बाधा येत नाही असं आता मानतात. पण औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या घेऊन दोन दिवस काढणं वेगळं.

तीन. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “डॉक्टर, हे अपेंडिक्स असू शकेल का? नसेल तर कशावरून?” यात अपमान नाही. “पोट तपासून बघता का” असंही म्हणता येतं. डॉक्टरांकडे यासाठी एक साधा गुणतक्ता आहे, 1986 साली अल्व्हाराडो या डॉक्टरने केलेला. दुखणं सरकलं का, भूक गेली का, उलटी, ताप, दाबल्यावर आणि दाब सोडल्यावर दुखणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, असे मिळून दहा गुण. सात किंवा जास्त आले तर शक्यता मोठी. मधले गुण आले तर काही तासांनी पुन्हा तपासायचं. हा ‘पुन्हा तपासायचं’ भाग सगळ्यात उपयोगाचा आहे. म्हणून घरी परत पाठवलं तर विचारा, “किती तासांनी आणि काय झालं तर लगेच यायचं?”

चार. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं असेल तर त्याचा अर्थ ‘अपेंडिक्स ठीक आहे’ असा होत नाही. गॅस असला, शेपटी मागे असली की दिसत नाही. दुखणं तसंच असेल तर पुढची तपासणी लागते.

पाच. ‘हल्ली ऑपरेशनशिवाय नुसत्या अँटिबायोटिकवर बरं होतं’ असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेल. अर्धं खरं आहे. न फुटलेल्या, साध्या प्रकारात ते शक्य असतं. 2020 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अँटिबायोटिक दिलेल्या दहापैकी साधारण तिघांना तीन महिन्यांत ऑपरेशन लागलंच. खडा अडकलेला असेल तर प्रमाण आणखी जास्त. तो निर्णय तपासणी झाल्यावर सर्जनने घ्यायचा, आपण नाही.

प्रत्येक पोटदुखी अपेंडिक्स नसते. बहुतेक वेळा ओव्यानेच बरं वाटतं, आणि वाटू दे. मला घाबरवायचं नाही. पण आपल्या गटावर रोज ‘सुप्रभात’ची फुलं येतात, त्याच गटावर एवढं ठरवू या, की कोणाच्याही घरात पोटदुखी बारा तासांवर गेली, तर त्याने गटावर नुसतं ‘बारा’ असं लिहायचं. आपल्या तुकडीत दोन डॉक्टर आहेत, तीन नर्स आहेत, चौघांच्या रिक्षा-टेम्पो आहेत, आणि दहा-बारा जण तरी कुठल्याही शिफ्टला जागेच असतात. कोणीतरी विचारेल, “दुखणं सरकलं का?” कोणीतरी गाडी काढेल. बाबांच्या त्या एकतीस तासांत एवढंच कमी होतं.

सर, बाई, तुम्ही आम्हाला वेळेवर वर्गात यायची सवय लावलीत. आता तुमची वयं आमच्या आईबाबांएवढी आहेत. तुमच्यासाठीही हा गट आहे. थोडं दुखलं तरी कळवा, अंगावर काढू नका.

सगळ्यांना उत्तम आरोग्य लाभो.